माहेरच्या नावाची रायफल

दुकानदाराने सांगितलं होतं दोन आठवडे. लागले अकरा महिने, आणि त्यातले शेवटचे सात मी स्वतः मागून घेतले. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीने बघतात. बघू देत.

गोष्ट एका एअर रायफलची आहे. एअर रायफल म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आठवते, आणि तो हसतो. मला त्या हसण्याची चीड आहे. दहा मीटरवर कागदाच्या मधोमध एक ठिपका असतो, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. तो फोडायचा तर श्वाससुद्धा अर्धा सोडून थांबवावा लागतो. कॉलेजात एनसीसीमध्ये मी तीन वर्षं नेमबाजी केली, जिल्ह्यात पहिली आले, विद्यापीठाच्या संघात गेले. मग लग्न झालं, मग ओमान, मग मुलगी. मधली बावीस वर्षं मी फक्त सुईत दोरा ओवला, एका फटक्यात.

सत्तेचाळिसाव्या वर्षी पुन्हा सुरुवात केली. मुलगी अकरावीत गेली, तिला माझी गरज उरली नाही, आणि नवरा सोहारच्या स्टील कारखान्यात. तो आठवडाभर तिकडे, गुरुवारी संध्याकाळी मस्कतजवळ सीबला घरी. अल अमेरातच्या बाजूला डोंगराआड नेमबाजीचा एक क्लब आहे, तिथे बायकांसाठी आठवड्यातून दोन सकाळी रेंज खुली असते, एवढं कळल्यावर मी गाडी काढली. पहिल्या दिवशी छातीत इतकं धडधडलं की छर्रे कागदाबाहेर गेले. महिन्याभरात ते मधल्या वर्तुळात यायला लागले. प्रशिक्षक म्हणाला, चार महिन्यांनी महिला संघाची निवड आहे, तुम्ही बसू शकता, पण या रायफलवर नाही.

कारण मी डावखुरी. लहानपणी आईने डाव्या हातावर चमचा मारून मारून मला उजव्या हाताने जेवायला लावलं, लिहायलाही लावलं. बंदूक धरायला शिकवताना मात्र आई तिथे नव्हती, त्यामुळे तेवढी डाव्या खांद्यावर राहिली. एनसीसीतले आमचे सुभेदार म्हणायचे, "डाव्या हातानं मारतीया तर मारू द्या की, गोळीला काय कळतंय!" क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या हाताच्या. गाल टेकवायची फळी नको त्या बाजूला, आणि मान वाकडी करून करून रात्री उशीवर डोकं ठेवता येईना.

सीबच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, एक दुकान आहे. पुढे मासेमारीचे गळ, दोर, टॉर्च. आत काचेच्या कपाटात शिकारीच्या आणि खेळाच्या बंदुका. मालक म्हातारे ओमानी गृहस्थ, पांढरी दाढी, हिंदी आमच्या शेजाऱ्यांपेक्षा बरं. सगळे त्यांना अर्बाब म्हणतात, म्हणजे मालक, मीही म्हणायची. त्यांच्याकडे डाव्या हाताची एक रायफल कुणीतरी मागवून न नेल्यामुळे पडून होती. त्यांनी खोक्यातून काढून माझ्या हातात दिली. मी खांद्याला लावली, गाल टेकवला, आणि मान सरळ राहिली. मी तिथेच ठरवलं, ही माझी.

"पुलिस का परमिशन आएगा तो ले जाओ," अर्बाब म्हणाले. "आपका बॅकग्राउंड देखेगा. दो हफ्ता, इन्शाल्ला."

त्यात मला काही गैर वाटलं नाही. बंदूक विकताना माणूस कोण, कुठला, हे बघायलाच हवं. न बघता विकणाऱ्या दुकानातून मी घेतली नसती. अर्जाला क्लबचं पत्र, पासपोर्ट, रहिवासी कार्ड जोडलं, आणि वर माझी नेमबाजीची तीन प्रमाणपत्रं. ती मी दर बदलीत जिवापाड सांभाळली होती. प्रमाणपत्रं कुणी मागितली नव्हती. मला दाखवायची होती. मी काल आलेली हौशी बाई नाही, हे त्या फाइलला कळायला हवं होतं.

अर्जात एक प्रश्न होता: तुम्ही कधी दुसऱ्या कोणत्या नावाने ओळखले गेला आहात का? मी क्षणभरही न थांबता "नाही"वर खूण केली.

आता सांगते, ही चूक आपलीच बाई करू शकते. आमच्या लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्याने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. सासूबाईंनी हौसेने निवडलेलं, त्यांच्या घराण्याला शोभणारं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. मी रडले-बिडले नाही. खरं तर मजा वाटली होती. नवी साडी, नवं घर, नवं नाव, सगळं एकाच दिवशी. पण त्या दिवसापासून माहेरचं नाव हे "दुसरं नाव" राहिलंच नाही. ते आधीचं झालं, संपलेलं. दुसरं नाव चोरांना असतं, नटांना असतं. घरंदाज बाईला कसलं दुसरं नाव? म्हणून मी "नाही" लिहिलं, आणि खाली सही केली की वरील सर्व माहिती खरी आहे.

तीन आठवड्यांनी अर्बाबांचा फोन आला. मी सूकमध्ये गेले. त्यांनी आधी खजूर पुढे केला, मग छोट्या कपात कहवा ओतला. कहवा आला की बातमी वाईट, एवढं इतक्या वर्षांत कळलं होतं.

"मॅडम, आपका फाइल रुक गया."

"क्यों?"

"फाइल में दो औरत है."

त्यांनी कागदांच्या प्रती टेबलावर मांडल्या. एका बाजूला पासपोर्ट, दुसऱ्या बाजूला प्रमाणपत्रं. पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. तीनपैकी एकही शब्द जुळत नव्हता. एनसीसीच्या प्रमाणपत्रावर दोन वेण्या घातलेल्या मुलीचा फोटो होता. अर्बाबांनी त्यावर बोट ठेवलं.

"ये बच्ची कौन है? बहन?"

"मैं हूं."

"ये आप?" त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं. "तो बाप क्यों बदल गया?"

मला आधी कळेना. मग लख्ख कळलं. इथे पहिल्या नावापुढे येतं ते बापाचं नाव. माझ्या पासपोर्टवर तिथे नवऱ्याचं नाव. शेवटच्या पानावर वडिलांचं आहे, पण तिथवर कोण जातं! म्हणजे गेली अठरा वर्षं या देशात पहिलं पान वाचणाऱ्या प्रत्येक माणसाच्या लेखी माझा नवरा माझा बाप होता. मला हसू फुटलं, आणि अर्बाब मात्र हसत नव्हते.

मी समजावून सांगितलं. शादी हुई, नाम बदला. हमारे में ऐसा है.

"शादी में बाप मर गया था?"

"नहीं. मंडप में खडे थे."

"अस्तग़फिरुल्ला." ते खुर्चीत मागे टेकले. "मेरी बीवी चालीस साल से मेरे घर में है. उसका नाम, उसके बाप का नाम, दादा का नाम, सब वही. मैं कौन होता हूं निकालनेवाला? कब्र में भी वही जाएगा."

मला राग आला. त्यांचा नाही. गेली अठरा वर्षं मी याच सूकमधून भाजी, मासे, कापड घेत फिरले, आणि काळ्या अबायातल्या बायका दिसल्या की मनातल्या मनात त्यांची कीव केली. माझे केस मोकळे, गाडी मी चालवते, बँकेत मी जाते. आणि त्यातल्या प्रत्येकीजवळ स्वतःचं नाव होतं, बापाच्या, आजोबांच्या नावासकट, जन्मल्यापासून तसंच. माझ्याजवळ नव्हतं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण मी लोकांसाठी राखून ठेवली होती. त्या दिवशी ती माझ्या घरी मुक्कामाला आली.

अर्बाब भला माणूस. त्यांनी लगेच तोड काढली. "टेन्शन नहीं. नया फाइल करेंगे. ये सर्टिफिकेट निकाल दो. क्लब का लेटर बस है. एक औरत, एक नाम, दो हफ्ता. खलास."

आणि त्यांनी ती तीन प्रमाणपत्रं एकावर एक ठेवून माझ्याकडे सरकवली.

मी हात पुढे केला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. मला रायफल मिळाली असती, निवडीला दोन महिने सराव मिळाला असता. फक्त एवढंच करायचं होतं, की ती वेण्यांची मुलगी कुणी नव्हतीच, असं म्हणायचं. मी त्या फोटोकडे बघितलं. काय उर्मट दिसत होती कारटी! हनुवटी वर, डोळे सरळ कॅमेऱ्यात. तिने त्या सकाळी अख्खं मैदान मारलं होतं, आणि मी तिला दुकानातून हाकलायला निघाले होते.

"नहीं," मी म्हटलं. "ये बच्ची फाइल में रहेगी."

"फिर टाइम लगेगा."

"लगने दो."

गुरुवारी नवरा आला. जेवताना मी सगळं सांगितलं. त्याने शांतपणे वरणभात कालवला आणि तो म्हणाला, "अगं, माझ्या नावावर घे ना. मला थोडीच वापरायची आहे. बंदूक तुझीच."

तो वाईट माणूस नाही. ते वाक्य त्याने मदत म्हणूनच म्हटलं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं.

"फ्लॅट तुमच्या नावावर," मी म्हटलं. "गाडी तुमच्या नावावर, व्हिसा तुमच्या नावावर, माझ्या फोनचं सिमकार्डसुद्धा तुमच्या नावावर. मीच तुमच्या नावावर आहे. एक बंदूक तेवढी राहू द्या."

"सिलेक्शन दोन महिन्यांवर आलंय. तुला खेळायचंय की भांडायचंय?"

"दोन्ही."

मुलगी ताटावरून वर बघत म्हणाली, "आई, पण तुझं... म्हणजे, रिअल नाव कोणतं?" तिचं मराठी असंच, पायऱ्या मोजत उतरणारं. तिला माझं माहेरचं आडनाव माहीत होतं, कारण ऑनलाइन पासवर्ड विसरला की आईचं लग्नाआधीचं आडनाव विचारतात. म्हणजे माझ्या अख्ख्या पहिल्या पंचवीस वर्षांचा या घरात उपयोग एवढाच होता. मी तिला पूर्ण नाव सांगितलं. तिने ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. "हे तुला सूट होतं," ती म्हणाली. नवरा उठून ताट ठेवायला गेला.

मी लेखी खुलासा दिला. दोन्ही नावं माझीच, मधे लग्न झालं. सोबत लग्नाचा दाखला. इथल्या पोलीस कचेरीने तो घेतला, आणि म्हटलं, ठीक, आता भारतातून दोन्ही पत्त्यांवर चौकशी होऊन येऊ दे. त्यांचंही बरोबर. बंदूक मागणाऱ्या बाईच्या खुलाशावर कोण विश्वास ठेवेल?

माझं सासर रायगडात, माहेर सांगलीकडे. दोन्हीकडे पोलीस जाणार होते. मी कुणाला कळवलं नाही. चौकशीत शिकवून ठेवलेली साक्ष कशाला, सरळ मामला आहे, असं मला वाटलं. ही माझी दुसरी चूक.

एका सकाळी सासऱ्यांचा फोन आला. ते निवृत्त मुख्याध्यापक, वय ब्याऐंशी, साधं बोलतात तेसुद्धा श्रुतलेखन घातल्यासारखं. आवाज खुशीत होता.

"सूनबाई, काल आपल्याकडे हवालदार आला होता. कुठल्याशा बाईची चौकशी करत. कागदावर आपला पत्ता! मी ठणकावून सांगितलं, या नावाची बाई या घरात नाही, आणि कधी नव्हती. आजकाल काय काय फसवणुका चालतात. पत्ता घालतात सभ्य माणसांचा."

"काय नाव होतं, बाबा?"

त्यांनी सांगितलं.

"बाबा," मी म्हटलं, "ती मी."

मग ते म्हणाले, "अरेच्चा."

त्याच संध्याकाळी मी भावाला फोन केला. त्याच्याकडेही हवालदार येऊन गेला होता. "होय, आल्ता की," तो म्हणाला. "मी सांगितलं, तिचं लगीन होऊन बावीस वर्षं झाली, ती आता हिकडली न्हाई. का गं? खोटं काय बोल्लो?"

खोटं काहीच बोलला नव्हता. सासरीही कुणी खोटं बोललं नव्हतं. दोन्ही घरांनी आपापल्या समजुतीप्रमाणे शंभर टक्के खरं सांगितलं, आणि त्या दोन खऱ्यांमधून मी गळून पडले. पंधरा दिवसांनी अहवाल आला: सदर नावाची व्यक्ती दोन्ही पत्त्यांवर मिळून आली नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो चार वेळा वाचला. आधी हसले. मग गॅस बंद केला, ओट्याला टेकून खाली बसले आणि चांगली अर्धा तास रडले. मला हे लिहायला लाज वाटत नाही. बाईला लेक म्हणून वाढवणारं एक घर असतं आणि सून म्हणून नांदवणारं एक; दोन्ही दारांत जाऊन विचारलं तर "इथे नाही" हेच उत्तर यावं, याला रडायचं नाही तर कशाला रडायचं?

निवड झाली. मी क्लबच्या उजव्या रायफलवर बसले आणि वाईट खेळले. संघात नाव लागलं नाही. प्रशिक्षक म्हणाला, पुढच्या वर्षी. नवऱ्याने "मी म्हटलं होतं" हे शब्द तोंडातून काढले नाहीत, पण मिठाची बरणी जरा जोरातच आपटली.

त्यानंतर मला कचेरीत बोलावणं आलं. टेबलापलीकडे पोलिसांच्या गणवेशातली एक तरुण अधिकारी होती. नीट बांधलेला हिजाब, इंग्रजी स्वच्छ. तिच्यापुढे माझी फाइल, आता चांगली बोटभर जाड झालेली.

"तुम्ही गुन्हेगार नाही, हे आम्हाला कळलंय," ती म्हणाली. "पण तुम्ही कोण आहात, हे कळलेलं नाही. परवानगीवर एकच नाव येऊ शकतं."

मग तिने एक छापील कागद पुढे केला. सोपा मार्ग हा, ती म्हणाली. यावर सही करा, आठवड्यात परवानगी. मी वाचला. माझं माहेरचं पूर्ण नाव लिहून खाली एकच वाक्य होतं: हे नाव मी आता वापरत नाही, यापुढे कधीही वापरणार नाही, आणि त्या नावाने कोणताही हक्क सांगणार नाही.

तिने पेनही दिलं. पेन मी हातात घेतलं, हे कबूल करते. चार महिने झाले होते, मी दमले होते, आणि रायफल सीबमध्ये खोक्यात माझी वाट बघत होती. शिवाय कागदावर खोटं काही नव्हतं. मी ते नाव खरंच वापरत नव्हते. बावीस वर्षांत कुणी ते वापरूच दिलं नव्हतं.

पण तांदळाच्या ताटापुढे मला कुणी विचारलं नव्हतं. इथे विचारत होते. आता सही केली असती तर ते माझं मीच केलं असतं, डोळे उघडे ठेवून, आणि मग सासूबाईंना, रूढीला, जगाला बोल लावायला जागा उरली नसती.

"उलट करता येईल का?" मी विचारलं. "हे राहू दे. आणि पासपोर्टवरचं वापरणार नाही, असं?"

तिने मान वर केली. "मग पासपोर्ट बदलावा लागेल. रहिवासी कार्ड बदलावं लागेल. मग नवा अर्ज, पुन्हा चौकशी. सगळं पहिल्यापासून. सहा-सात महिने. फक्त एका रायफलसाठी?"

"रायफल निमित्त झाली," मी म्हटलं.

तिने तो कागद ओढून घेऊन खणात टाकला. नव्या अर्जाचा नमुना दिला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. "इथे आजोबांचं नाव लागेल. माहीत आहे?"

"माहीत आहे," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच आला असावा, कारण रांगेतल्या माणसांनी वळून बघितलं.

ते सात महिने मी मागून घेतले ते असे. त्यात काय काय झालं, ते सगळं सांगत बसत नाही. वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागली. तिच्यात जुनं नाव आणि नवं नाव असे दोन रकाने. बारशाला आत्याने पाळण्यात कानात सांगितलेलं नाव मी "नवं" म्हणून छापून घेतलं. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईने मला बाजूला घेऊन, खांद्यावर हात ठेवून विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" म्हटलं, घरी ठीक आहे, आता पासपोर्टवरही ठीक होतंय. तिने तीळगूळ दिला आणि लगबगीने दुसरीकडे गेली. पुढच्या वेळी तिने मला बोलावलं नाही. नाही तर नाही. मंडळात काय मी तिच्या बटाटेवड्यांसाठी जात होते?

नवरा तीन आठवडे गप्प होता. सोहारहून यायचा, जेवायचा, टीव्ही लावायचा. चौथ्या गुरुवारी म्हणाला, "लोक मला विचारतायत, घटस्फोट झाला का."

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगतो, नाही झाला."

"मग संपलं की."

"तुला हवं ते कर," तो म्हणाला. संमती म्हणावी असं त्यात काही नव्हतं. विरोध म्हणावा असंही नव्हतं. मी पुढे विचारलं नाही. बावीस वर्षं प्रत्येक गोष्ट विचारून केली होती, एक न विचारता करायची होती.

मधून मधून सूकमध्ये जायचे. अर्बाबांनी खोकं वरच्या फळीवर ठेवलं होतं, त्यावर अरबीत काहीतरी लिहून. मी विचारलं तर म्हणाले, "लिखा है, ये बिका हुआ है." बयाणा म्हणून त्यांनी छदामही घेतला नव्हता. एकदा खोकं खाली काढून म्हणाले, पकडो, नहीं तो कंधा भूल जाएगा. मी दुकानातच गाल टेकवून उभी राहिले, समोर गळ आणि दोर टांगलेल्या भिंतीवर नेम धरून, आणि गिऱ्हाइकं बाजूने वाट काढत गेली.

पासपोर्ट आला. कार्ड आलं. नवा अर्ज गेला. त्यात तो प्रश्न होता, दुसरं नाव आहे का. या वेळी मी "होय"वर खूण केली आणि तिथे सासरचं नाव लिहिलं. मग पुन्हा ती चौकशी, पुन्हा ते दोन पत्ते. या वेळीही मी कुणाला आधी सांगितलं नाही, पण चुकून नाही, मुद्दाम. मला बघायचं होतं.

भावाने या वेळी सांगितलं, होय, माझी बहीण. तेवढं त्याच्या लक्षात राहिलं होतं.

मग सासऱ्यांचा फोन आला. मी क्लबमधून येत होते. गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"सूनबाई, हवालदार आलेत. तेच. या वेळी त्यांना बसवून चहा दिलाय. तुझं पूर्ण नाव सांग. वडिलांच्या नावासकट."

"तुम्हाला आठवत नाही?"

"लग्नपत्रिकेत मीच छापून घेतलं होतं. नंतर विसरलो. खोटं कशाला बोलू." मागे पंखा कुरकुरत होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या सासूने फार हौसेने ठेवलं होतं गं ते नाव."

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. त्या बाईने माझं कधी वाकडं केलं नाही. तरी मी मागे हटले नाही.

"माहीत आहे, बाबा," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनीही हौसेनेच ठेवलं होतं."

मी नाव सांगितलं, सावकाश, तीन शब्द.

"लिहा," सासरे हवालदाराला म्हणाले. वर्गात श्रुतलेखन घालायचे त्याच आवाजात त्यांनी माझं नाव उच्चारलं, मग माझ्या वडिलांचं, मग माझं आडनाव. कुठे अडखळले नाहीत. "ही माझी सून आहे. या घरातली आहे. बावीस वर्षं आहे. लिहिलंत?"

हवालदार काहीतरी पुटपुटला.

"ते विचारतायत," सासरे मला म्हणाले, "नाव बदललं, बंदूक घेतेस, याला नवऱ्याची संमती आहे का?"

"विचारलेली नाही, म्हणून सांगा."

क्षणभर मला वाटलं, आता हे ओरडणार. मग फोन तोंडापासून जरा दूर गेला आणि तोच खणखणीत आवाज ऐकू आला.

"लिहा. संमती विचारलेली नाही. पूर्णविराम."